इंद्रियांची देणगी आणि वसुली

छापील पुस्तकाच्या अंगी जे अनेक सद्गुण वसत असतात, त्यांपैकी वाचकाविषयीची त्याची संपूर्ण उदासीनता हा मला सर्वांत थोर वाटत आला आहे. आपण ते ताठ बसून वाचा, उताणे पडून वाचा, अथवा मुळीच न वाचता दुपारच्या निद्रेसाठी तोंडावर पालथे घाला. सत्तेचाळिसाव्या पानावरील मजकूर सत्तेचाळिसाव्या पानावरच राहतो, खोलीतील दिवा मंदावला म्हणून त्याची शाई गडद होत नाही, आणि आपला मुक्काम सांप्रत कोणत्या पेठेत आहे याची चौकशी तर पोथीपासून पंचांगापर्यंत कोणत्याही ग्रंथाने आजवर केल्याचे ऐकिवात नाही.

मोबाईलच्या काचेवर उमटणारे पान मात्र या कुळातले नव्हे. आपण त्याच्याकडे पाहण्यापूर्वी ते आपल्याकडे पाहून घेते. पडदा किती रुंद आहे, तो उभा धरला आहे की आडवा, हाताळणारा बोट लावतो आहे की माऊस फिरवतो आहे, त्याला काळी पार्श्वभूमी रुचते की पांढरी, एवढा सारा तपशील मनाशी टिपूनच ते आपले रूप धारण करते. या चालीरीतीचा आरंभ एथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने २०१० च्या मे महिन्यात लिहिलेल्या एका लेखापासून धरण्याची वहिवाट आहे. माणसांची वर्दळ पाहून आपल्या रचनेत फेरफार करणारी दालने बांधावीत, असा एक विचार त्या सुमारास वास्तुरचनेच्या क्षेत्रात चालू होता; मार्कॉट यांनी तोच विचार वेबपानास लावला आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्तंभांनी, चित्रांनी व अक्षरांनी आपापली जागा बदलावी, अशी व्यवस्था सुचवली. मागणी माफक होती. परंतु ज्या वर्षी पानाला अंग आवरून बसण्याचे शिक्षण मिळाले, त्याच वर्षी आयफोनमध्ये वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप बसला, आणि वर्ष सरण्यापूर्वी त्यावरील सफारी ब्राउझरने हातातील यंत्राचे हलणे आणि कलणे पानाच्या कानावर घालण्यास प्रारंभ केला.

तेथून पुढे जे घडले त्याची गंमत अशी की, पहिली काही वर्षे पानाला एकामागून एक इंद्रिये बहाल करण्यात गेली, आणि त्यानंतरची बहुतेक वर्षे तीच इंद्रिये हळूहळू बोथट करण्यात जात आहेत. बहाल करणारे आणि बोथट करणारे हे बहुधा एकाच बैठकीत, एकाच मेजाभोवती बसणारे लोक असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या इतिहासाची खरी रंगत कळते.

माझा भाचा पोटापाण्यासाठी अशी पाने घडवतो. त्याने एका रविवारी आपला फोन आमच्या जेवणाच्या मेजावर उताणा ठेवला आणि पडद्यावरचे तीन आकडे मला दाखवले. त्यांना अल्फा, बीटा आणि गॅमा अशी ग्रीक नावे आहेत. यंत्र स्वतःभोवती किती वळले ते पहिला सांगतो, पुढेमागे किती कलले ते दुसरा, आणि डावीउजवीकडे किती झुकले ते तिसरा.

“मामा, आता उचला, आणि नेहमी वाचता तसा धरा.”

मी तो उचलून धरला. बीटा पन्नाशी ओलांडून तेथेच घुटमळू लागला.

“म्हणजे मी कसा बसलो आहे ते याला कळतं?”

“फोन कसा बसलाय ते कळतं. तुमचं अजून कळत नाही,” असे म्हणून त्याने बशीतले शेवटचे भजे उचलले.

फोन पुन्हा मेजावर ठेवला, कोणी त्याला स्पर्श केला नाही, तरी दशांशचिन्हापुढील अंकांची थरथर थांबेना. भाचा म्हणाला, “तो नॉईज. सेन्सर कधी गप्प बसतच नाही. आम्ही मागच्या काही आकड्यांची सरासरी काढून घेतो, नाहीतर पडद्यावरचं चित्र हिवताप आल्यासारखं हलत राहतं.” यंत्राला लाभलेल्या सूक्ष्म जाणिवेपैकी बरीचशी जाणीव प्रथम पुसून टाकावी लागते आणि मगच उरलेली उपयोगी पडते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

या जाणिवेचे मूळ सिलिकॉनच्या एका अतिसूक्ष्म तुकड्यात असते. त्यात तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वजन असते. यंत्र हलले की ते वजन किंचित मागे रेंगाळते, त्यासरशी त्याच्या व शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युत्धारिता बदलते, आणि तीवरून त्वरणाचा हिशेब होतो. मेजावर स्वस्थ पडलेल्या फोनलाही हा सेन्सर ९.८ हाच आकडा दाखवत असतो, कारण मेज त्याला अखंड वर रेटत असते. उलट फोन हातातून निसटला की तोच आकडा झर्रकन शून्याजवळ येतो. म्हणजे ज्या क्षणी मालकाचा जीव खालीवर होत असतो, नेमक्या त्याच क्षणी त्या यंत्राला संसाराचा सर्व भार उतरल्याचा प्रत्यय येतो, आणि त्याची ही मुक्तावस्था फरशीपर्यंत टिकते.

गुरुत्वाकर्षण हेच एकमेव प्रमाण मानणाऱ्या या शास्त्राचा पहिला बळी म्हणजे कुशीवर पडून वाचणारा मनुष्य. तो कुशीवर वळतो, त्याच्यासवे फोनही नव्वद अंशांनी वळतो, आणि आता आपल्या यजमानास आडवे वाचावयाचे आहे असा समज करून घेऊन पान मोठ्या अदबीने स्वतःही नव्वद अंशांनी वळते. पृथ्वीचा मध्यबिंदू कोणत्या दिशेस आहे ते त्याला बिनचूक ठाऊक असते. वाचकाचे डोके कोणत्या दिशेस आहे ते ठाऊक नसते. वाचक मान मोडून घेतो, पुन्हा उताणा होतो, पान पुन्हा वळते, आणि ही परस्परांना मान देण्याची स्पर्धा तो पडद्याचे फिरणे कायमचे बंद करीपर्यंत चालते. माझ्या परिचयातील बहुतेक सर्व मंडळींनी ते बंद केलेले आहे.

दिशाज्ञानाची तऱ्हा याहून निराळी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मुळात क्षीण, त्यात फोनच्या पोटातील ध्वनिवर्धकाचे चुंबक अगदी शेजारी; अशा परिस्थितीत कोणते क्षेत्र घरचे आणि कोणते पृथ्वीचे हे ओळखण्यासाठी फोन सर्व दिशांना फिरवून पाहावा लागतो. घरचे क्षेत्र फोनबरोबर फिरते, पृथ्वीचे फिरत नाही. तेवढ्यावरून त्याला निवाडा करता येतो. म्हणून नकाशा मधूनच आज्ञा करतो की, फोन हवेत आठाच्या आकारात फिरवावा. आमच्या शेजारच्या अण्णांनी आपली सारी हयात भूमापन खात्यात घालवली. त्यांनी ही आज्ञा वाचली, चष्मा सारखा केला, आणि लोखंडी खाटेवर बसल्या बसल्या हवेत एक सुरेख वळणदार मराठी आठ काढला. सुई होती तेथेच गरगरत राहिली. त्यांनी दुसरा काढला, शेपूट अधिक डौलदार सोडले. उपयोग झाला नाही. तेव्हा नातू ओरडला, “आजोबा, इंग्रजी आठ! आणि त्या खाटेवरून उठा आधी!” त्यावर अण्णांनी, साखळी व शंकू घेऊन आम्ही तालुक्याच्या तालुके मोजले, परंतु आमच्या होकायंत्राने आम्हास कधी पाटी गिरवावयास लावली नव्हती, अशी नोंद करून फोन नातवाच्या स्वाधीन केला.

या सर्व इंद्रियांना पान परस्पर हात लावू शकत नाही, ही व्यवस्था मला विशेष पसंत आहे. मध्ये ब्राउझर बसलेला असतो, आणि त्याचा एकंदर खाक्या मामलेदार कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनाचा आहे. प्रत्येक इंद्रियासाठी त्याने एकेक खिडकी उघडली आहे, जिला या धंद्यातील लोक एपीआय म्हणतात, आणि ठरीव नमुन्यात अर्ज आल्याखेरीज तो कोणत्याही खिडकीतून काही बाहेर सोडत नाही. अर्जावर मारावयाचे शेरे तीनच: मंजूर, नामंजूर आणि ‘मालकांस विचारावे’. २०१६ पासून क्रोमने असा दंडक घातला की, सुरक्षित म्हणजे मोहोरबंद लखोट्यातून आलेल्या पानासच वाचकाचा ठावठिकाणा विचारता यावा. २०१९ मध्ये ॲपलने यावर कडी केली. हालचालीच्या सेन्सरबद्दल विचारावयाचे असेल, तर आयफोनवर ते वाचकाने पानास बोट लावल्यानंतरच विचारता येते. म्हणजे अर्जदाराने दाराबाहेर तिष्ठत उभे राहावे, आणि साहेबांनी स्वतः होऊन ‘काय हो?’ असे म्हटल्याशिवाय खिशातून कागदही काढू नये. शिवाय एखाद्या पानाचा तोच प्रश्न उत्तर न देता वारंवार झटकून टाकला, तर क्रोम त्या प्रश्नापुरते त्याचे तोंड काही दिवस बंद करतो. ही तरतूद लग्नघरातील चौकस आत्यांनाही लागू झाली असती तर किती संसारांचा आरंभ सुखाचा झाला असता!

सर्वांत जुनी आणि गर्दीची खिडकी ठावठिकाण्याची. २००९ मध्ये फायरफॉक्सच्या ३.५ या आवृत्तीत ती उघडली गेली. तिच्यातून अक्षांश आणि रेखांश मिळतात, हे सर्वांना माहीत असते. परंतु त्यांच्या शेजारी अचूकतेचा एक आकडा असतो, तो या कारकुनाच्या सचोटीचा दाखला आहे. इसम या बिंदूपासून इतक्या मीटरांच्या आत असावा, आणि हे विधान शंभरात पंच्याण्णव वेळा खरे ठरावे, असा त्याचा अर्थ. स्वतःच्या अज्ञानाचे माप इतक्या स्वच्छपणे लिहून देणारा दुसरा अंमलदार माझ्या पाहण्यात नाही. उघड्या माळावर हा आकडा लहान असतो, कारण तेथे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांपैकी निदान चार तरी फोनला दिसतात. जुन्या वाड्याच्या माजघरात उपग्रहांचे काही चालत नाही. तेथे फोन आसपासच्या वायफाय यंत्रांवरून आणि मोबाईलच्या मनोऱ्यांवरून अदमास बांधतो. एखाद्या कुटुंबाने नाशिकहून पुण्यास बिऱ्हाड हलवताना राउटरही ट्रंकेत घालून आणला, तर त्या वायफायची नोंद दुरुस्त होईपर्यंत काही दिवस ते कुटुंब पुण्यात जेवते आणि नकाशात नाशकास राहते.

आक्षेप आहे तो विचारण्याच्या वेळेवर. काकडीच्या कोशिंबिरीची कृती पाहावी म्हणून आपण एखादे पान उघडतो, तो काकडीचे दर्शन होण्यापूर्वीच आपला ठावठिकाणा जाणून घेण्याची इच्छा ते प्रकट करते. कोशिंबीर मिरजेत एक आणि मालवणात दुसरी होते, हे खरे. पण ही जिज्ञासा त्या कारणाची नसते. हाच प्रश्न, ‘जवळचे दुकान दाखवा’ असे आपण स्वतः बोट लावून सांगितल्यावर आला असता, तर त्यात कोणास काही गैर वाटले नसते.

आता वसुलीकडे वळू. बॅटरीची खिडकी ही सर्वांत निरुपद्रवी समजली गेली होती, इतकी की तिला परवानगीची अटच ठेवलेली नव्हती. बॅटरी उतरत आली आहे असे दिसताच पानाने आपली आरास आवरती घ्यावी, असा त्यामागचा सद्हेतू. परंतु २०१५ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की, लिनक्सवरील फायरफॉक्स हा आकडा दशांशचिन्हापुढे इतका लांबवर सांगतो की, एवढ्या एका आकड्यावरूनही तेच यंत्र अल्पकाळापुरते पुन्हा ओळखता यावे. २०१७ मध्ये फायरफॉक्सने ती खिडकी पानांच्या तोंडावर लावून घेतली.

त्याआधी २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून विलक्षण गोष्ट उजेडात आणली होती. फोनजवळ कोणी बोलले असता हवेत जे कंप उठतात ते जायरोस्कोपलाही जाणवतात, आणि त्यावरून उच्चारलेले आकडे काही अंशी ताडता येतात. मायक्रोफोनसाठी परवानगी लागत होती. जायरोस्कोपसाठी त्या काळी कोणतीही लागत नव्हती. म्हणजे कानांवर चौकी आणि गुडघ्याने ऐकण्यास पूर्ण मुभा, असा तो कारभार होता. उपाय म्हणून सेन्सरने सेकंदाला किती वेळा बोलावे यावर बंधन आले.

प्रकाशाच्या सेन्सरची हकिगत तर एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावी. खोलीत किती उजेड आहे ते पाहून पानाने आपला रंग बदलावा, एवढेच त्याचे काम. ज्या दुव्यावर आपण पूर्वी जाऊन आलो त्याचा रंग ब्राउझर वेगळा दाखवतो, पण तो रंग पानाला पाहू देत नाही, कारण आपण कोठे कोठे जाऊन आलो हे त्याला कळता कामा नये. बॅटरीच्या संशोधनात भाग घेतलेल्या लुकाश ओलेनिक यांनी २०१७ मध्ये एका सहकाऱ्यासह यातून वाट काढून दाखवली. दुवा पाहिलेला असेल तर सारा पडदा पांढरा आणि नसेल तर काळा होईल, अशी योजना करावी. पांढऱ्या पडद्याचा उजेड वाचकाच्या तोंडावरून व भिंतीवरून परत सेन्सरवर पडतो, आणि स्वतःचा जो रंग पानाला पाहता येत नाही तो त्याला आपल्या चेहऱ्यावरून वाचता येतो. वाचनाची गती अगदी कूर्माची, तरी वाचन होत होते खरे. पुढे प्रकाशाचे माप जवळच्या पन्नास लक्सपर्यंत पूर्णांकित करून सांगावे, असे ठरले. दिवेलागण झाली एवढे पानास कळावे, मुद्रेवरचे भाव कळू नयेत. आणि २०२० मध्ये ॲपलने बॅटरी, प्रकाश, सान्निध्य, चुंबक इत्यादी मिळून अशा सोळा खिडक्यांची यादी करून, त्या सफारीत उघडल्या जाणार नाहीत असे जाहीर केले, कारण एवढी चिल्लर माहिती एकत्र केली की तीवरून नाव न विचारताही माणूस ओळखता येतो.

यावरही दाते थांबले आहेत असे नव्हे. २०२१ मध्ये क्रोमने एक नवीन खिडकी उघडली, जिच्यातून वाचक निष्क्रिय झाला आहे किंवा नाही हे, अर्थात परवानगीने, पानास विचारता येते. निष्क्रियतेची किमान मुदत साठ सेकंद ठरवलेली आहे. पूर्ण एक मिनिट ज्याने कळफलक दाबला नाही, माऊस हलवला नाही, पडद्यास स्पर्श केला नाही, तो निष्क्रिय. फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिलाने या योजनेस विरोध केला तो पाळतीच्या भयाने. माझा विरोध व्यावसायिक आहे. हनुवटीखाली हात देऊन खिडकीबाहेर पाहण्याची जी क्रिया लेखनात सर्वाधिक वेळ घेते, तिची गणना निष्क्रियतेत होऊ लागली, तर मराठी ललित वाङ्मयाचा निम्मा संसार त्या सदरात जमा होईल आणि उरलेला निम्मा परीक्षणाच्या सदरात.

माझ्या थोरल्या बहिणीला भोवळीचा विकार आहे. २०१३ मध्ये आयफोनच्या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत पडद्यावरील चित्रे एकमेकांवरून तरंगू लागली, तेव्हा जगभर पुष्कळांना मळमळले, आणि ती हालचाल कमी करण्याची कळ सेटिंगमध्ये आली. २०१७ पासून सफारीत ती कळ पानांनाही वाचता येऊ लागली, आणि पुढे इतर ब्राउझरांनी तेच केले. ताईने ती कळ एकदाच दाबून ठेवली आहे. चांगली घडवलेली पाने आता तिच्यासमोर मुकाट्याने, न नाचता येतात. यात सेन्सर कोणताच नाही. कोणी तिची चाल पाहत नाही, नाडी पाहत नाही. या साऱ्या पसाऱ्यात मला निर्भेळ आवडलेली अशी ही एक सोय, आणि दुसरी भाच्याच्या पाककृतींच्या पानातली.

ते पान त्याने एका महिला मंडळासाठी केले, तेव्हा त्यात सर्व इंद्रियांची हौस भागवून घेतली होती. फोन हलवला की नवी पाककृती यावी, ही त्यातली त्याची लाडकी युक्ती. पुढे मंडळाची सहल एस.टी.ने कराडहून चिपळूणला निघाली. सेक्रेटरीबाईंनी पाटण सोडताना कटाची आमटी वाचावयास घेतली, आणि कुंभार्ली घाट उतरेपर्यंत त्यांच्या डोळ्यांखालून सांडगे, साटोऱ्या, सांजा आणि उपवासाचे दोन पदार्थ जाऊन पुन्हा आमटी आली, ती शेवटच्या वळणावर निघून गेली. भाच्याने मग एकेक इंद्रिय काढून घेतले आणि फक्त पडदा जागा ठेवण्याची सोय राहू दिली. पुरणाने दोन्ही हात भरलेले असताना ऐन वेळी पडदा झोपी जातो, हे स्वयंपाकघरातले जुने दुःख आहे. त्यावर पूर्वी पाने घडवणारी मंडळी पानाच्या कोपऱ्यात एक मूक चलच्चित्र गुपचूप चालू ठेवण्याची तोड काढीत, कारण चित्रपट चालू असताना फोन झोपत नाही. २०२० पासून क्रोममध्ये त्यासाठी रीतसर खिडकी आहे, आणि पान नजरेआड होताच कारकून ती सवलत आपण होऊन काढून घेतो.

परंतु मंडळाकडून नुकताच भाच्यास एक लेखी अर्ज आला आहे. फोन हलवल्यावर पाककृती बदलण्याची बंद केलेली सोय त्वरित पूर्ववत करण्यात यावी, कारण भिशीची सोडत त्यावरच निघत असे. प्रत्येक सभासदाच्या नावे एकेक पदार्थ लावून दिलेला होता, आणि चिठ्ठ्या टाकण्याच्या जुन्या पद्धतीवर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही. अर्जाच्या शेवटी पुरवणी मागणी जोडली आहे: सोडत काढणाऱ्या वहिनींच्या मनगटात एक विशिष्ट झटका असल्याचा एका सभासद भगिनीचा आक्षेप असल्यामुळे, फोन कितीही जोराने हलवला तरी तो सर्वांच्या हातून सारखाच हलला असे धरले जावे, अशी तजवीजही करून मिळावी.